शतके : १

वनडेच्या आकड्यांवर खेळायच्या ट्रम्प कार्डांत सुनील गावसकर वाट्याला आला की पोरांचं तोंड पडायचं. सामने १०८, धावा ३०९२, शतकं १. समोरच्याने ‘शतकं’ पुकारलं की गावसकर गेलाच. ते एकुलतं शतक १९८७च्या विश्वचषकात नागपूरला न्यूझीलंडविरुद्धचं, नाबाद १०३. कसोटीतल्या १०,१२२ धावा आणि ३४ शतकांना त्या डावात कुणी विचारत नसे. कपिलदेवचा पत्ता मात्र लाखमोलाचा: २५३ बळी, सर्वोच्च नाबाद १७५. फलंदाजी पुकारा की गोलंदाजी, तो सहसा हरायचा नाही.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या शाळांबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानांत हे पत्ते मिळत. छपाई यथातथाच. खरी गंमत म्हणजे पत्ता छापला की आकडे तिथेच थांबत आणि खेळाडू पुढे खेळत राही. त्यामुळे जुना संच आणि नवा संच एकत्र झाले की भांडण ठरलेलं.

या पत्त्यांच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, बबलगमसोबत क्रिकेटची कार्डं येत. त्यांवर धावा आणि बळी छापलेले. ठरावीक जमले की देऊन टाकायचे आणि बक्षीस घ्यायचं. म्हणजे संग्रह पूर्ण होताच संपायचा! अमेरिकेतही टॉप्स कंपनी च्युइंगमच विकायची, पण तिथली बेसबॉल कार्डं पोरांनी बुटांच्या खोक्यांत जपली. १९५२च्या मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तिकडे कोरं करकरीत असण्याला पैसे. आपल्याकडचे पत्ते घामाच्या हातांनी, दप्तराच्या तळाशी, लोकलच्या गर्दीत मऊ पडलेले. कोण काय देणार?

मला विचाराल तर सगळ्यांत अन्याय झाला विनोद कांबळीच्या पत्त्यावर. कांजूरमार्गचा हा पोरगा लोकलने दादरला शारदाश्रम शाळेत जायचा. पहिलं वनडे शतक त्याने एकविसाव्या वाढदिवशी, १८ जानेवारी १९९३ला, जयपूरला इंग्लंडविरुद्ध केलं. वनडेचा हिशेब १०४ सामने, २४७७ धावा, २ शतकं. डावात मधल्या फळीतला, ना जिंकवणारा ना हरवणारा. कसोटीचा रकाना असता तर? १७ सामने, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, त्यात लागोपाठच्या कसोट्यांत २२४ आणि २२७. शेवटची कसोटी १९९५ला, वय अवघं २३. त्याचं काय बिनसलं यावर मुंबईत प्रत्येकाकडे एक सिद्धान्त असतो. कसोटीच्या हिशेबात मात्र १७च्या पुढे १८ येत नाही.

फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत त्याने सचिन तेंडुलकरसोबत नाबाद ६६४ची भागीदारी केली. सचिन ३२६, कांबळी ३४९. तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकासाठी ताटकळत बसलेला मुलगा म्हणजे अमोल मुझुमदार. त्याने रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा जमवल्या, पण भारताची टोपी मिळाली नाही. देशाकडून खेळलेल्यांच्या संचात त्यामुळे तो कधी आलाच नाही. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक मुझुमदारच होता. ट्रम्प कार्डांत प्रशिक्षकासाठी रकाना नसतो.