एक पिढी किती वर्षांची?

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची वंशावळ हातात आली की आधी नावे वाचू नयेत, भागाकार करावा. भीम बल्लाळसिंगापासून नीळकंठशहापर्यंत १९ राजे, इ.स. ८७० ते १७५१. म्हणजे सरासरी ४६ वर्षे प्रत्येकी. बाप-लेक, बाप-लेक अशा उतरत्या रांगेत एवढी मोठी सरासरी सहसा बसत नाही.

मग झाडात एखादी पक्की खूण शोधायची. ती चौदाव्या नावाशी सापडते. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईन-ए-अकबरी'त चांद्याचा जमीनदार बाबजिऊ, त्याचे १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ, अशी नोंद आहे. हा आपला बाबाजी बल्लाळशहा. त्याच्यापासून नीळकंठशहापर्यंतचे सहा राजे दीडशेहून थोड्या अधिक वर्षांत बसतात, म्हणजे पंचवीस-तीस वर्षे प्रत्येकी. त्याच्या आधीच्या तेरा जणांना मात्र जवळजवळ सात शतके वाटून द्यावी लागतात. माझ्या मते वरच्या भागात मधली नावे तरी गळाली आहेत, नाहीतर आरंभाचे साल मागे ओढले आहे.

खालच्या भागातही एक रेघ जपून वाचावी लागते. बीरशहा आणि रामशहा लागोपाठ येतात, पण रामशहा पोटचा नव्हे, दत्तक. त्याला दत्तक घेऊन कारभार सांभाळला राणी हिराईने. बीरशहाची समाधीही तिनेच बांधली. १९ नावांत तिचे नाव नाही.

हे इतिहासापुरते राहत नाही. वनहक्क कायदा २००६ एक पिढी २५ वर्षांची धरतो. बिगर-आदिवासी वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. पुराव्यांत वंशावळ चालते आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. जातपडताळणीसाठीही वंशावळ लागतेच. तिच्या जोडीला कोतवाल बुकातला, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला, उतारा काढावा, तर तिथे अनेकदा एवढेच असते: अमक्याला मुलगा झाला. बाळाचे नाव नाही, आईचे नाही. तो मुलगा म्हणजे आपला आजा की आज्याचा भाऊ, हे कागद सांगत नाही. घरातली म्हातारी सांगते.

गोंड-माडियांकडे नाते आडवेही वाचतात. चार, पाच, सहा, सात देव मानणारी कुळे, अशी ही विभागणी. सारखे देव असले तर भाऊबंद, वेगळे असले तर सोयरीक जुळते. नुसत्या बापाच्या रेघेवर काढलेल्या झाडात ही सोयरीक दिसतच नाही, कारण घरात आलेली आणि घरातून गेलेली बाई त्यात नसते.

दिवाळीत सगळे घरी जमतील. आजीला तिच्या आईचे नाव आणि माहेरचे गाव विचारा, आणि त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.