देशभर एकच ठेका

सोलापुरातला पंखा आणि गुवाहाटीतला पंखा यांचं नातं काय? दोघांनाही मिळणारी वीज सेकंदाला सुमारे ५० वेळा मागेपुढे हेलकावते. या मोजमापाला 'हर्ट्‌झ' म्हणतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, दोन्हीकडचे ठेके बरोबरीने पडतात! एकीकडचा मंदावला, की दुसरीकडचाही मंदावतो.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात वाफेवर फिरणारं अवजड चक्र मिनिटाला ३००० फेऱ्या मारतं, म्हणजे सेकंदाला ५०. देशातली अशी शेकडो यंत्रं तारांनी एकमेकांना बांधलेली आहेत. कुणालाच एकट्याने पुढे पळता येत नाही.

पूर्वी मात्र देशात विजेची पाच जाळी होती: उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि ईशान्य. या जाळ्याला म्हणायचं ग्रिड. एकीकडे वीज उरायची, दुसरीकडे भारनियमन. मग सरकारनं ठरवलं, सगळ्यांचं मिळून एकच ग्रिड करायचं.

तारा जोडल्या की झालं? छे! दोन लेझीम पथकं आपापल्या हलगीवर नाचताना एकदम एकाच रांगेत घुसवली, तर पायात पाय अडकणारच. विजेच्या यंत्रांना तर असा हिसका बसतो, की ती मोडूही शकतात. म्हणून आधी दोन्हीकडचे ठेके जुळवायचे आणि नेमक्या क्षणी स्विच दाबायचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला तर दक्षिणेशी जोडण्यासाठी वेगळीच युक्ती केली होती. इकडच्या हेलकावणाऱ्या विजेची आधी एकाच दिशेने वाहणारी वीज करायची. तिला ठेकाच नसतो! मग तिची पुन्हा तिकडच्या ठेक्याची वीज करायची.

पूर्व आणि ईशान्य १९९१ मध्ये जुळले, पश्चिम २००३ मध्ये, उत्तर २००६ मध्ये. दक्षिण राहिली होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि देशाचा ठेका एक झाला. तुमच्या घरात येतात २३० व्होल्ट, या तारांत सात लाख पासष्ट हजार! हा दाब वाढवला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह कमी लागतो, आणि तारा तापून वाया जाणारी वीज वाचते.

पण सगळं असं एकत्र जोडण्यात धोकाही आहे, बरं का. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रिड कोसळली. सुमारे ६० कोटी लोकांच्या भागात वीज गेली. दक्षिणेतले दिवे चालूच होते, कारण ती वेगळ्या ठेक्यावर होती! तरी मला एकत्र जोडणंच शहाणपणाचं वाटतं, फक्त पहारा कडक हवा. म्हणून आता उपग्रहांच्या घड्याळाशी जुळवलेली यंत्रं दूरदूरच्या उपकेंद्रांतला ठेका एकाच क्षणी टिपतात. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा विजेची मागणी धाडकन खाली आली. जलविद्युत केंद्रांनी आपली वीजनिर्मिती झटपट कमी केली, मग पुन्हा वाढवली, आणि ग्रिड तगलं.

आता नवं कोडं. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटातून सौरऊर्जा आणायला सरकार मोठमोठ्या वाहिन्या टाकतंय. पण सौर पॅनेल फिरतच नाही! मग ठेका कोण धरणार? सध्या इन्व्हर्टर नावाचं उपकरण तारांतला ठेका पाहून आपली वीज त्याला जुळवतं. स्वतःच ठेका धरू शकणारे इन्व्हर्टरही आता बनू लागले आहेत, आणि त्यांच्या जोडीला मोठाल्या बॅटऱ्या लागतात.