सल्लागार नेमण्यापूर्वी



बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, औताला जुंपून दोन फेरे मारून पाहतो. परंतु शहरातून एखादा गृहस्थ आला आणि "तुमचा माल थेट गोव्याच्या हॉटेलांत पोचवून देतो" म्हणाला, की आपण लगेच कागदावर सही करतो. हे बरे नव्हे.

माल शेतातून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तोडणी, निवड, भरणी, वाहतूक, साठवण, विक्री व पैशांची वसुली अशा अनेक कड्या असतात. त्यांना एकत्रितपणे पुरवठा साखळी म्हणतात. कोणती कडी कच्ची आहे हे शोधून उपाय सांगणारा तो सल्लागार. आपल्या बेळगाव भागातील भाजी घाट उतरून गोव्यात जाते. त्यामुळे शेतकऱ्यांच्या गटांना असा सल्ला उपयोगी पडू शकतो. पण माणूस पारखून घेतला तरच.

आमच्या ओळखीच्या एका गटाला अशाच सल्लागाराने कर्ज काढून थंडपेटीची गाडी घेण्यास सांगितले. सभासद जमिनीचे उतारे देण्यास तयारही झाले. त्या बैठकीस आम्ही हजर होतो. तेव्हा एक वयस्क बाई उठून म्हणाल्या, "टोमॅटो आम्ही सकाळी तोडतो नि गाडी रात्री येते. दिवसभर माल बांधावर उन्हात पडतो. मग थंड गाडी काय करणार?" सल्लागारापाशी उत्तर नव्हते. पुढे कळले, की गाडी विकणाऱ्याकडून त्याला दलाली मिळणार होती. गटाने गाडी घेतली नाही. बांधावर सावलीचा मांडव घातला, तोडणी दुपारनंतर सुरू केली आणि पोत्यांऐवजी प्लास्टिकचे क्रेट आणले. नासाडी बरीच कमी झाली.

यावरून पहिला धडा असा, की सल्लागार शोधण्यापूर्वी आपला हिशेब आपण मांडावा. निदान एक महिना वही ठेवा. किती माल तोडला, किती गाडीत चढला, व्यापाऱ्याच्या पट्टीवर किती वजन लागले, भाडे, हमाली व आडत किती गेली आणि पैसे किती दिवसांनी आले, हे रोज लिहा. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ सालच्या अहवालानुसार देशात टोमॅटोची नासाडी शंभर किलोमागे सुमारे १२ किलो होते. तुमची किती होते हे तुमची वहीच सांगेल.

मग फी परवडते का ते पाहावे. समजा, एका खेपेला २,००० किलो टोमॅटो जातात व २४० किलो नासतात. सल्ल्याने नासाडी निम्मी झाली, तर १२० किलो वाचतील. किलोला १५ रुपये धरले तर खेपेमागे १,८०० रुपये झाले. सल्लागाराची फी ५०,००० रुपये असेल, तर ती भरून निघायला २८ खेपा लागतील. हंगामात तेवढ्या खेपा होतात का?

त्यानंतर त्याला हे चार प्रश्न विचारावेत :

१. नाशवंत मालाचे काम पूर्वी कोठे केले? त्या गावी दोघांनी जाऊन शेतकऱ्यांशीच बोलावे.

२. गाडीवाला, शीतगृह, व्यापारी किंवा यंत्र विकणारा यांच्याकडून तुम्हांला काही मिळते का? नाही म्हटल्यास तसे लिहून घ्यावे. दोन्हीकडून पैसे घेणारा दलाल असतो. त्याला सल्लागार म्हणू नये.

३. तोडणीपासून बाजारापर्यंत एकदा मालाबरोबर याल का? शेत न पाहता उपाय सांगणाऱ्यास नमस्कार करून निरोप द्यावा.

४. तुम्ही गेल्यावर हे काम आमच्यापैकी कोण चालवील? गटातील दोन तरुणांना शिकवून तयार करणे ही कराराची अटच असावी.

करार मराठीत किंवा सभासदांना वाचता येईल अशा भाषेत असावा. फी तीन हप्त्यांत द्यावी व शेवटचा हप्ता फरक वहीत दिसल्यावरच द्यावा. गिऱ्हाइकांची नावे, पट्ट्या व हिशेब गटाच्या मालकीचे राहावेत. कोऱ्या कागदावर सही कोणीही करू नये.

आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारने २०२० साली १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली. तिच्यात प्रत्येक संघटनेला पाच वर्षे मार्गदर्शन करणारी संस्था नेमण्याची तरतूद ठेवली होती. तुमची संघटना त्या योजनेत नोंदलेली असेल, तर खासगी सल्लागाराला पैसे देण्यापूर्वी त्या संस्थेकडे किंवा नाबार्डच्या जिल्हा अधिकाऱ्याकडे चौकशी करावी.

चांगला सल्लागार मिळाल्यास त्याचे पैसे हात आखडता न घेता द्यावेत. परंतु आपली वही आपल्याच हाती असू द्यावी. आजच एक वही आणा आणि उद्याच्या तोडणीपासून लिहायला लागा.