एक फोन, दोन गिऱ्हाइके

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. किराणा दुकाने मात्र चालू होती. दुकानाचा फोन हाच मग घरच्या मुलांचा वर्ग झाला. ऐन गणिताच्या तासाला गिऱ्हाइकाची मागणी येई आणि अपूर्णांक तिथेच थांबत. घरात तीन-चार फोन असणाऱ्यांना ही ओढाताण कळणे कठीणच.

उपाय दप्तरातच होता. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेल्या क्यूआर कोडकडे अनेक घरांत तोवर कुणाचे लक्षही गेले नव्हते. 2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय ॲपने तो टिपला, की पाठाचे साहित्य उघडे. एकदा उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटवाचूनही पाहता येई. रात्री दुकान वाढवून वडील घरी आले, की मुलाचा वर्ग भरे. थेट तासाला ही सवड नव्हती.

जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली, तेव्हा फोनचीही गरज उरली नाही. पाठ्यपुस्तकातील संकल्पना ती घरातल्या वस्तूंतून, खेळांतून उलगडत असे. दुकानदाराच्या घरी तर तराजू-वजने हाताशीच होती. किलो-ग्रॅमचा धडा गव्हाच्या पोत्याशेजारी होऊ शके, आणि फोन वडिलांच्या खिशातच राही.