सोळात एकदा

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये बिटकॉइनचं वॉलेट लिहिलं जातंय, तेही बँकेत खातं नसलेल्यांसाठी, हे कानावर आलं म्हणून गेले. आपल्याकडे यूपीआय घरोघरी आहे, अशा नाण्यांच्या नफ्यावर २०२२पासून ३० टक्के कर आहे. मग हे कुणासाठी? कोड लिहिणारी मुलगी म्हणाली, 'इथल्यांसाठीच असं नाही. कोड सगळ्यांना खुला आहे. नायजेरियात कुणी वापरेल, एल साल्वादोरमध्ये वापरेल.'

कोड लिहिताना बघण्यासारखं फारसं काही नसतं. खालच्या मजल्यावरच्या काकू चाचणीला फोन घेऊन बसल्या, तेव्हा खरी गंमत सुरू झाली. काकू बचत गटाच्या अध्यक्ष. नाणी टेस्टनेटवरची, म्हणजे फक्त चाचणीसाठीची, किंमत शून्य.

वॉलेट आधी १२ इंग्रजी शब्द दाखवतं, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. हीच किल्ली. फोन हरवला तर हेच शब्द याच क्रमाने भरायचे. पडद्यावर शब्दांच्या दोन उभ्या ओळी होत्या. काकूंनी त्या वहीत आडव्या उतरवल्या. क्रमांक इतके फिकट की त्यांना ते दिसलेच नाहीत.

शब्द पुन्हा भरले तेव्हा लाल सूचना आली. शेवटच्या शब्दात पडताळणीचे ४ बिट दडलेले असतात, म्हणून क्रम चुकला की बहुतेकदा पकडला जातो. 'पण सोळात एकदा चुकीचा क्रमही चालून जातो,' मुलगी म्हणाली आणि तसा एक क्रम तिने भरून दाखवला. वॉलेट मुकाट उघडलं, पण दुसरंच. शिल्लक शून्य. काही चुकलंय असं कुठेही लिहिलेलं नाही.

'अगं, मग तक्रार कुणाकडे करायची?'

'कुणाकडेच नाही, काकू. मधे कुणी नाही, हेच तर...'

मधे कुणी नाही, याचाच बिटकॉइनवाल्या मंडळींना अभिमान. बँकेच्या खिडकीशी ताटकळलेल्याला तो पटेलही. पण ज्याची सारी पुंजी त्या १२ शब्दांत आहे, त्याला सोळात एकदा म्हणजे फार झालं.

काकूंच्या गटाच्या पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे. बिटकॉइनमध्येही तीन किल्ल्यांपैकी कुठल्याही दोन लावून पैसे काढायची सोय आहे. मुलीने ती समजावून सांगितली. काकूंना ती आवडली, पण लगेच शंका आली, 'दोघी एक झाल्या तर?' आणि उठता उठता म्हणाल्या, 'ते आकडे जरा ठसठशीत कर. मराठीत.'