फोटो आहेत, मग मेलेले पक्षी कशाला?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या निसर्ग-इतिहासाच्या दालनात काचेपलीकडचे पक्षी-प्राणी पाहताना कुणीतरी हमखास म्हणतं, 'आता मोबाइलवर हवा तो फोटो मिळतो. ही मेलेली कातडी कशाला सांभाळायची?' शिकलेसवरलेले लोकही हेच म्हणतात, आणि मग राहवत नाही.

काचेआड दिसतो तो मांडणीचा भाग. अभ्यासाचा साठा संग्रहालयांच्या कपाटांत, खणांत असतो. तिथले पक्षी उताणे निजवलेले, डोळ्यांच्या जागी कापूस आणि पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तिच्यावर ठिकाण, तारीख आणि पक्षी मिळवणाऱ्याचं नाव. ती चिठ्ठी हरवली तर नमुन्याचं मोल निम्म्यावर येतं.

आपल्या खानदेशातल्या रानपिंगळ्याचं, म्हणजे एका छोट्या घुबडाचंच बघा. १८८४ नंतर तो पक्का असा कुणाला सापडलाच नव्हता. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजके नमुने. त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचं त्याच्या चिठ्ठीवर होतं. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी या नमुन्याचे एक्स-रे काढले, आत काय भरलंय आणि कसं भरलंय ते तपासलं. पक्षी निघाला जेम्स डेव्हिडसननं १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला! तो संग्रहालयातून चोरून, उसवून, नव्यानं भरला होता. शंका असेल त्यांनी 'आयबिस' नियतकालिकातला त्यांचा १९९९चा लेख वाचावा. मांडवी बाद झाली, भिस्त राहिली ती जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवर. त्यांच्यावरून शोध घेताना नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. आता सांगा, फोटो उसवून आत बघता येतं का?

अंड्यांचंही तेच. डीडीटी या कीटकनाशकामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचं कवच पातळ होतंय, याचा माग डेरेक रॅटक्लिफ यांना ब्रिटनमधल्या संग्रहांतली जुनी-नवी अंडी ताडून पाहताना लागला. १९६७ साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. त्यातली जुनी अंडी गोळा करणाऱ्यांनी डीडीटीचं नावही ऐकलं नव्हतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. काचेआड मांडलेल्या वाघाच्या आत अख्खा वाघ नसतो. साच्यावर चढवलेलं कमावलेलं कातडं असतं, डोळे काचेचे. बाटलीतला पांढुरका साप 'दुर्मीळ पांढरा साप' नव्हे, द्रावणात वर्षानुवर्षं राहून त्याचा रंग उडालेला असतो. दालनात उजेड मंद असतो तो पिसांचा आणि केसांचा रंग टिकावा म्हणून. विजेची काटकसर नव्हे. प्रदर्शनासाठी आजही शिकार होते, हेही खोटं. जुने नमुने बहुतेक बंदुकीचेच, हे खरं. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या टॅक्सिडर्मी केंद्रात, शिकार करून नव्हे, आपसूक मेलेल्या प्राण्यांचीच कातडी भरतात. आजोबांनी मारलेल्या वाघाचं कातडं घरात आहे म्हणून ते आपोआप आपलं होत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मालकीचा दाखला लागतो आणि ते विकता तर येतच नाही.

आणि 'हात लावला तर काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी: जुनी कातडी किडीपासून वाचवायला आर्सेनिकचा साबण सर्रास चोळत. ते विष अजून तिथंच आहे. काचेबाहेर ठेवलेला जुना नमुना दिसला तर मुलांना हात लावू देऊ नका.