तंबूची ताकद आतल्या बंदात

घुमटाकार तंबू वाऱ्यात झोपतो तेव्हा बोल लागतो कापडाला. कापड मात्र सहसा सर्वांत शेवटी फाटते. आधी वाकतात ते पोल. साध्या तंबूत दोन लवचीक पोल एकमेकांना फक्त माथ्यावर छेदतात. मधल्या उंचीवर त्यांना कशाचाच आधार नसतो आणि वारा नेमका तिथेच रेटतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४ किलो भरतो, ताशी ६० ला तोच १७ किलोच्या घरात जातो. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याला मुक्काम करणाऱ्यांची गाठ पडते ती वळवाआधीच्या अशाच वाऱ्याशी.

स्वस्त तंबूंतली खरी उणीव एका जागी आहे. ताणदोरी बाहेरून फ्लायला, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या आच्छादनाला, बांधलेली असते, पण त्याच बिंदूवर फ्लाय आतून पोलला जोडलेला नसतो. मग दोरी कितीही ताणली तरी नुसते कापड ओढले जाते. पोल मोकळाच डुलत राहतो. जोडणीचा हा दोन रुपयांचा तुकडा वगळणे अक्षम्य आहे. दुरुस्ती मात्र घरच्या शिलाई मशीनवर होते.

तंबू उभा करून, फ्लाय ताणून, पोलच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर खडूने खूण करावी. तिथे आतल्या बाजूने तळहाताएवढे नायलॉनचे ठिगळ लावावे. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपऱ्यापासूनच कापड उसवू लागते. बाहेर ताणदोरीसाठी फितीची कडी आणि आत, बरोबर तिच्या पाठीमागे, पोलला बांधायचा बंद असे दोन्ही एकाच शिवणीत धरावेत. दोरा पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा ओलीने कुजतो. शिवणीमुळे पडलेली भोके बुजवायला पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडावर त्याच जातीचे सीलर आणि सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनच लागते. उलट केले तर ते सोलून निघते.

पुढची सुधारणा त्रिकोणाची. चौकट तिरकी होते, त्रिकोण होत नाही. एका पोलच्या पायापासून शेजारच्या पोलच्या मधल्या उंचीपर्यंत तिरपा पट्टा ओढावा, दुसरा त्याला छेदून उलट दिशेने. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या त्रिकोणी जाळीच्या घुमटांवरून सुचलेल्या, १९७५ मध्ये आलेल्या नॉर्थ फेस कंपनीच्या ‘ओव्हल इन्टेन्शन’ तंबूत पोलच एकमेकांना अनेक ठिकाणी छेदून असे त्रिकोण करतात. घरी ते काम पट्टे करतात, वजनही फारसे वाढत नाही.

फायबरग्लासचे पोल बहुधा धातूच्या नळीच्या जोडापाशी चिरतात. त्याजागी ॲल्युमिनियमचे घेताना लांबी तंतोतंत तीच ठेवावी. ताणदोऱ्याही बदलाव्यात, कारण नायलॉन भिजल्यावर सैल पडतो, पॉलिएस्टर त्या मानाने कमी.

मऊ जमिनीत खुंटीचे डोके तंबूपासून दूर कललेले असावे. सह्याद्रीच्या कातळावर खुंटी शिरतच नाही. तिथे दोरीचे टोक मुठीएवढ्या दगडाला बांधून, त्याच्यापुढे तंबूच्या बाजूला मोठा धोंडा ठेवावा. ताण आला की लहान दगड धोंड्याला अडतो. दोरी धोंड्याच्या कडेवर घासते तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळला की ती रात्रभर टिकते.